रायपनिंग चेंबरचं स्टॅटिक प्रेशर – कामाच्या नोंदी

६ एप्रिल

सकाळी सकाळी नानांचा फोन. "इंजिनेर, जरा येऊन जा भो, मधला माल पिकून राहिला आन कडेचा हिरवाच बसला." नानांचं केळी पिकवायचं (रायपनिंग) चेंबर जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या अलीकडे, दोन खोल्या, बाहेर पत्र्याचं शेड. आत गेलो तर वरवर सगळं ठीक होतं. सेटिंग १७ डिग्री, फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा जनरेटर चालू, फरशी ओली, ह्युमिडिटी चांगली. दोन्ही बाजूला क्रेटच्या थप्प्या, मधे माणूस जाईल एवढी गल्ली, मागच्या भिंतीला छताजवळ कूलिंग युनिट आणि त्याचे फॅन दाराकडे हवा फेकतात.

प्रोबवाला थर्मामीटर फणीतल्या मधल्या केळात खुपसून बघितलं. दाराजवळच्या वरच्या क्रेटमधे गर १७.४, थप्पीच्या पोटातल्या क्रेटमधे २०.८. पिकताना केळी स्वतःच उष्णता सोडतात, ती हवेने उचलून नेली नाही तर पोटातला माल तापतो, तापला की अजून जोरात पिकतो, म्हणजे अजून तापतो. नाना म्हणतात ते तेच.

युनिट ज्याने बसवलं त्याचं म्हणणं, फॅन छोटा पडतोय, मोठा टाका. नानांनी मला विचारलं टाकू का. मी म्हटलं आधी स्टॅटिक प्रेशर मोजू, मग ठरवू. "ते काय असतं बा?" आता हे उभ्या उभ्या सांगायचं काम नाही, म्हणून या नोंदी, नानांच्या पोरालाही पाठवतोय, तो बारावी सायन्सला आहे.

९ एप्रिल

आधी पाणी. हवेत दाब दिसत नाही, पाण्यात दिसतो, आणि केळीवाल्याला ड्रिपचा गेज रोजचा ओळखीचा.

नानांच्या मळ्यात टाकी आहे स्टँडवर, पाण्याची पातळी खालच्या व्हॉल्व्हपासून साधारण ७ मीटर वर. सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि खालचा गेज बघितला, ०.७ केजी. (इकडे सगळे केजीच म्हणतात, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर.) १० मीटर पाणी म्हणजे १ केजी, त्या हिशोबात बरोबर बसतं. पाणी थांबलेलं असताना दाब फक्त उंचीवर. शेजारच्या मळ्यातले एक बाबा येऊन उभे होते, ते म्हणाले माझी टाकी याच्या दुप्पट रुंद आहे, तिचं प्रेशर जास्त येत असेल. नाही येत. पातळी तेवढीच असेल तर वाटी असो की विहीर, तळाशी दाब तोच. हे स्टेव्हिन नावाच्या माणसाने १५८६ मधे छापून ठेवलंय तरी लोकांना सहज पटत नाही, त्यामुळे बाबांना एका सकाळीत पटेल अशी अपेक्षा नव्हतीच. ते मान हलवत गेले.

मग सगळे व्हॉल्व्ह उघडले. गेज ०.३५ वर आला. पोराने लगेच पुस्तकातलं सांगितलं, पाणी पळायला लागलं की बर्नोलीमुळे दाब कमी होतो. बर्नोली आहे (१७३८ चं पुस्तक त्याचं), पण आकडा घालून बघ म्हटलं. पाईपात पाणी दीड मीटर सेकंदाला धरलं तर वेगाचा दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, अर्धा गुणिले १००० गुणिले २.२५, ११२५ पास्कल, म्हणजे जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर पाणी, ०.०१ केजी. इथे तर ०.३५ केजी गायब आहे. मग बाकीचं कुठे गेलं? घर्षणात. पाईप, एल्बो, फिल्टर, सगळ्यांनी मिळून खाल्लं.

स्टॅटिक प्रेशर म्हणजे पाणी किंवा हवा वाहत असो नसो, भिंतीवर काटकोनात जो दाब देते तो. गेज पाईपाच्या भिंतीतल्या भोकाला जोडलेला असतो, त्याला वेग कळत नाही, फक्त तो दाब कळतो. वेगाचा दाब वेगळा, प्रवाहाच्या तोंडासमोर नळी धरली तरच तो मिळतो. दोन्हींची बेरीज म्हणजे टोटल प्रेशर.

आणि नानांना जे समजायला हवं होतं ते फिल्टरवर मिळालं. फिल्टरच्या आधी एक गेज, नंतर एक गेज. दोन्हींतला फरक वाढला की नाना न विचारता बॅकवॉश करतात, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतात, त्यांना कुणी फिजिक्स शिकवलं नाही. कुठलाही एक गेज काही सांगत नाही, फरक सांगतो. चेंबरमधे मला हेच दोन गेज हवेत, फक्त तिथला फरक ड्रिपच्या हजाराव्या भागाएवढा असेल, कदाचित त्याहून कमी.

१० एप्रिल

कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो, येताना पांझरेच्या पुलावर थांबलो. विश्वेश्वरय्या १८८४ मधे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हाचं त्यांचं अगदी सुरवातीचं काम खानदेशातलं, पांझरेच्या पाटासाठी पाईपचा सायफन. या प्रकारात पाणी पाईपातून खाली उतरतं, आडवं जातं आणि पलीकडे पुन्हा वर चढतं, पंप नाही काही नाही, अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा जराशी वर असली की झालं. सगळ्यात खालच्या पाईपाला मात्र वरच्या पूर्ण उंचीचा स्टॅटिक दाब सोसावा लागतो, तिथे सांधा कच्चा असेल तर संपलं. मी आता जे बनवणार आहे तेही तेच, यू आकाराची नळी, फक्त नदीऐवजी प्लायवर.

१३ एप्रिल

मॅनोमीटर, म्हणजे दोन जागांच्या दाबातला फरक दाखवणारी पाण्याची नळी, बनवला. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी, आतून ६ मिमीची, ६० सेंटिमीटर लांब प्लायचा तुकडा, आलेख कागद, झाकणाची काचेची बरणी आणि खायचा लाल रंग. साध्या उभ्या यू नळीत १ मिमीचा फरक डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून नळी तिरकी टाकली. प्लायचं एक टोक ६ सेंटिमीटर उचललं, म्हणजे १० ला १ चढ, म्हणजे पाणी उभं १ मिमी चढायला नळीत १० मिमी सरकतं. फुकटात दहापट भिंग. १ मिमी पाणी म्हणजे ९.८ पास्कल, माझ्या आलेख कागदावर एक सेंटिमीटर.

बरणीच्या झाकणाला भोक पाडून जास्त दाबाची नळी तिथे, तिरक्या नळीच्या वरच्या टोकाला कमी दाबाची. झाकणाला एम-सील. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, नाहीतर पाणी नळीला चिकटून बसतं आणि टिचकी मारल्याशिवाय हलत नाही. अजून एक बारीक गोष्ट, नळीत पाणी चढलं की बरणीतली पातळी थोडी उतरते. माझी बरणी ८ सेंटिमीटर व्यासाची, हिशोब केला तर ५ ते ६ टक्के कमी दाखवते, तेवढं वाढवून वाचायचं. शून्याची खूण नळीच्या अगदी खाली न ठेवता थोडी वर ठेवली, दाब उलटा झाला तरी दिसावा म्हणून.

प्रोबसाठी फ्रीजवाल्याकडून ६ मिमी कॉपरची नळी आणली. एक तुकडा पुढून सोल्डरने बंद करून टोक गोल घासलं आणि टोकापासून बोटभर मागे चारी बाजूला १ मिमीची भोकं. भोकाची कड आतून बाहेरून अगदी गुळगुळीत हवी, बर (भोक पाडताना उरलेली धातूची खरबरीत कड) राहिली तर हवा तिथे अडखळते आणि रीडिंग खोटं येतं. ही स्टॅटिकची. दुसरा तुकडा पुढून उघडाच, तो टोटलचा. अशी उघडी नळी प्रवाहासमोर धरायची आयडिया पिटो नावाच्या फ्रेंच इंजिनियरची, १७३२ मधे त्याने पॅरिसच्या नदीत बुडवून बघितली होती.

घरच्या कूलरसमोर टेस्ट केली. टोटल बरणीला, स्टॅटिक वरच्या टोकाला, पाणी २१ मिमी सरकलं, दुरुस्ती करून २२ धरलं, म्हणजे उभं २.२ मिमी, २१.६ पास्कल. हवेची घनता १.१ धरून वेग साधारण ६.३ मीटर येतो. मित्राकडच्या पंख्याच्या अ‍ॅनिमोमीटरने ६ दाखवला. मला एवढं पुरे. बायको म्हणाली कूलरमधे पाणी टाकायचं सोडून कूलरसमोर पाणी मोजताय.

१७ एप्रिल

चेंबर १, माल भरलेला, फॅन चालू. बाहेर ४३ डिग्री.

एक नळी थप्पी आणि बाजूची भिंत यांच्या फटीत, दुसरी मधल्या गल्लीत, दोन्हीला स्टॅटिकचे प्रोब. मॅनोमीटर दाराबाहेर स्टुलावर, नळ्या दाराच्या रबराखालून. फरक बघितला. पाणी हललं का नाही यावरच नाना आणि मी वाद घालत होतो. २ मिमी सरकलं असेल नळीत, म्हणजे उभं ०.२ मिमी.

म्हणजे थप्पीच्या अलीकडे पलीकडे दाबात फरकच नाही. फरक नाही तर हवा क्रेटमधून कशाला जाईल? ती जाते वरून. अगरबत्ती धरून बघितली, धूर युनिटमधून सुटतो, थप्पीच्या डोक्यावरून सरळ दाराकडे, खाली वळतो, गल्लीतून परत युनिटच्या मागे. मधल्या क्रेटच्या जाळीजवळ अगरबत्ती धरली तर धूर सरळ वर. आत केळी गरम होऊन राहिलीत आणि थंड हवा डोक्यावरून फेऱ्या मारतेय.

आता मोठा फॅन टाकला असता तर? डोक्यावरून जास्त हवा गेली असती. क्रेटच्या आरपार दाबाचा फरक तरीही शून्याच्या आसपास, कारण वाट मोकळी आहे. प्रेशर फॅनमधे भरलेलं नसतं, ते अडथळ्यामुळे तयार होतं. फॅन एवढंच ठरवतो की अमुक अडथळ्याला तो किती हवा रेटू शकेल. हे नानांना दोनदा सांगितलं.

१८ एप्रिल

मधेच वेगळाच प्रकार. कार्बन डायऑक्साईड काढायला दिवसातून काही वेळा एक्झॉस्ट लावतात, तेव्हा चेंबर २ चं दार उघडत नाही म्हणून हमाल कटकट करत होता. दार बाहेर उघडतं. मॅनोमीटर लावला, खोलीत बाहेरच्यापेक्षा २ मिमी कमी. २ मिमी म्हणजे काहीच नाही वाटतं ना, पण दार १.२ बाय २.१ मीटर, अडीच चौरस मीटर, गुणिले २० पास्कल, ५० न्यूटन, म्हणजे सगळ्या दारावर मिळून ५ किलोचं ओझं आतल्या बाजूला, वर रबरची पकड. ताजी हवा आत यायचा झरोका बघितला तर जाळीवर केळीच्या चिकाचा आणि धुळीचा थर. धुऊन काढला, एक्झॉस्ट लावून परत मोजलं, अर्ध्या मिमीच्या आत. दार पोराने एका बोटाने उघडलं.

म्हणजे झरोका बंद असताना एक्झॉस्ट फिरत होता, आवाज करत होता, पण हवा बदलत नव्हती. नाना लगेच म्हणाले, "म्हणजे बैल जोर लावून राहिला आन गाडी चिखलात." अगदी तेच. दाब जास्त, काम शून्य.

२२ एप्रिल

ताडपत्री. मजुरांना आधी थप्प्या भिंतीपासून फूटभर सरकवायला लावल्या, दोन थप्प्यांमधली गल्ली वरून आणि दाराच्या बाजूने ताडपत्रीने झाकली, आणि मागच्या बाजूने ताडपत्री थेट युनिटच्या सक्शनपर्यंत नेऊन चिकटवली. आता गल्ली म्हणजे युनिटचं नाक. हवा दाराकडे फेकली जाते, भिंतीच्या फटीत उतरते आणि परत यायचं तर क्रेटमधूनच, दुसरी वाटच नाही.

फॅन चालू केला. ताडपत्री गल्लीत आत ओढली जाऊन फुगा उलटा झाल्यासारखी तणली, एका ठिकाणी सुतळी तुटली. मॅनोमीटर १८ मिमी, म्हणजे बरणीची दुरुस्ती धरून उभं १.९. टॉर्च घेऊन फटी शोधल्या, क्रेटच्या खाली फरशीलगत मोठी फट होती, तिथे ओली पोती दाबली. २८ वर गेलं, उभं जवळजवळ ३ मिमी. जवळच्या एका क्रेटच्या जाळीवर टिश्यू धरला, सोडला तरी चिकटून राहिला. नाना तो टिश्यू बघून जेवढे खूष झाले तेवढे माझ्या मॅनोमीटरवर कधी झाले नाहीत.

मग युनिटमधल्या हवा गार करणाऱ्या कॉइलच्या तोंडावर वेग मोजला. आधी ३.१ मीटर होता, आता २.५. म्हणजे एकूण हवा पाचव्या हिश्शाने कमी झाली. नाना घाबरले, "कमी झाली?" हो, कमी झाली, कारण फॅनला आता अडथळा आहे, आणि असा पात्यांचा, सरळ पुढे हवा फेकणारा अ‍ॅक्शियल फॅन प्रेशर वाढलं की हवा कमी देतो, प्रत्येक फॅनचा तसा आलेखच असतो. पण आधीच्या ३.१ पैकी केळीतून जवळजवळ काहीच जात नव्हतं आणि आताचे २.५ सगळे केळीतून जातात. एक धोका मात्र आहे, अडथळा फार वाढवला तर अ‍ॅक्शियल फॅन स्टॉल होतो, पाती हवा नुसती घुसळत राहतात, आवाज बदलतो, घरघर येते. इथे अजून तसं नाही. खोक्यात माल भरला आणि आतल्या पॉलिथिनने खोक्याची भोकं झाकली तर येऊ शकतं, म्हणून खोके लावताना भोकाला भोक जुळवायचं आणि पॉलिथिन भोकासमोर फाडायचं असं पोराला लिहून दिलं.

२५ एप्रिल

युनिटवाला आला होता. चांगला माणूस आहे, पण त्याच्याकडे फॅनचा प्रेशर आलेख नव्हता, नुसता स्वीप (पात्यांचा घेर) आणि आरपीएम. म्हणाला आता ताडपत्री आहेच तर स्पीडही २० टक्के वाढवू. त्याच्यासमोर हिशोब मांडला: स्पीड १.२ पट, हवा १.२ पट, प्रेशर १.४४ पट, आणि पॉवर १.२ चा घन, १.७३ पट. पावणेदोन पट वीज, आणि ती मोटरची सगळी उष्णता त्याच खोलीत, जी परत त्याच कॉइलने काढायची. तो हसला आणि चहा पिऊन गेला.

त्याचा एक मुद्दा बरोबर होता, तो लिहून ठेवतो. फॅनचे आकडे कॅटलॉगमधे १.२ घनतेच्या हवेला असतात. चेंबरमधे १७ डिग्रीला आपल्याकडे १.१८ च्या आसपास, ठीक. पण बाहेर ४३ डिग्रीला शेडमधला जो फॅन आहे, खोलीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचा, त्याला १.०८ ची हवा मिळते, त्याचं स्टॅटिक प्रेशर कॅटलॉगपेक्षा दहा टक्के कमी. मे महिन्यात कंडेन्सरच्या जाळीवर धूळ बसू देऊ नका हे तो म्हणतो त्याला कारण आहे.

३ मे

नवीन माल भरून दुसरा दिवस, चेंबर १. पोटातल्या क्रेटमधे गर १८.१, दाराजवळ १७.२. आधी जवळजवळ साडेतीन डिग्रीचा फरक होता, आता एकाच्या आत. रंग एकसारखा येतोय, व्यापाऱ्याने ट्रक भरताना फण्या उलटसुलट करून बघितल्या आणि काही बोलला नाही, इकडे व्यापारी काही बोलला नाही म्हणजे माल चांगला.

मॅनोमीटर नानांनी परत दिला नाही. दाराशेजारी भिंतीवर स्क्रूने ठोकला, बरणीला प्लास्टिकची पिशवी, आलेख कागदावर लाल पेनने २५ ते ३० ची खूण. पोराने खाली लिहिलंय, खाली आलं तर ताडपत्री बघा, वर गेलं तर खोक्याची भोकं बघा. कॉइलवर बर्फ धरला तर हवाच कमी होते, म्हणून रीडिंग खाली येईल, ताडपत्री ठीक असेल तर मग कॉइल बघायची, हे मी खाली अजून जोडलं. कॉइलच्या आधी नंतर वेगळा मॅनोमीटर लावला तर लगेच कळेल, पण नाना म्हणतात आधी पुढच्या आठवड्यात चेंबर २ ची ताडपत्री करू, मग बघू.

११ मे

सकाळी नानांचा फोन, "लाल पाणी बरणीत पळालं." मी फोनवरच विचारलं रात्री लाईटचं काही काम झालं का. झालं होतं, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, तिथे तारांचा क्रम बदलला असणार. म्हटलं मोटरच्या दोन फेज अदलाबदल करा, फॅन उलटा फिरतोय. उलटा फिरला तरी अ‍ॅक्शियल फॅन हवा देतोच, कमी देतो आणि उलट्या दिशेने, आवाज जवळजवळ तोच, त्यामुळे एरवी दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं. वायरमनने दहा मिनिटांत बदललं, पाणी २७ वर. चेंबर २ ची फेजही तशीच असणार, तिथे अजून मॅनोमीटर नाही, पोराला म्हटलं ताडपत्रीच्या आधी ती बघ.